साक्षीदाराच्या जवळची खुर्ची

वेर्ना टॉलहर्स्टला ज्यूरीचं बोलावणं आलं तेव्हा तिने तो कागद आधी फ्रिजवर चिकटवला, मग काढला, मग पुन्हा चिकटवला. काढल्याने काही तारीख बदलणार नव्हती. ईस्टरच्या आधीचे तीन आठवडे. वर्षातले बाकीचे एकोणपन्नास आठवडे सरकारला दिसले नव्हते.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, वालगूराच्या खाडीवर क्लेम पेनिकटची कालवांची शेड आहे, आणि तिथल्या लांब बाकाशी उभी राहून वेर्ना एकोणीस वर्षं कालवं उघडत आली होती. डाव्या हातात रबरी मोजा, उजव्यात आखूड सुरी. शिंपला धरायचा, सांध्यात सुरी घालायची, मनगट फिरवायचं, आतलं मांस सोडवून पालथं करायचं, की पुढचा शिंपला. तिच्या वेगाने उघडणारं दुसरं माणूस खाडीवर नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघायची नाही.

एवढं असून तिला नोकरी होती असं काही म्हणता येत नव्हतं. काम असलं की आदल्या दिवशी क्लेमचा फोनवर निरोप यायचा, ‘उद्या पहाटे चार. येतेस?’ अर्ध्या तासात हो कळवलं नाही तर निरोप यादीतल्या पुढच्या नावाकडे जायचा. आणि यादीत वर कोण, खाली कोण, हे ठरायचं ईस्टरवरून. गुड फ्रायडेला सगळा किनारा मासे आणि कालवंच खातो. आदल्या गुरुवारी शेडसमोरची गाड्यांची रांग पार पुलापर्यंत जाते. त्या गुरुवारी जो शेवटचं डबडं भरेपर्यंत बाकाशी उभा राहिला, त्याचं नाव वर्षभर वर. जो राहिला नाही, तो खाली. मग त्याचं कारण काही का असेना. हा नियम क्लेमच्या बापाचा. बाप जाऊन बारा वर्षं झाली, पण शेडच्या पाटीवर नाव अजून त्याचंच होतं, आणि क्लेमची ते पुसायची छाती नव्हती.

मागच्या ईस्टरला तिच्या शेजारी बाकाशी उभी राहणारी शार्लीन गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली होती. अख्ख्या हिवाळ्यात तिला सहा वेळा बोलावलं. सप्टेंबरात तिने भाड्याचं घर सोडलं आणि बहिणीच्या गॅरेजमध्ये खाट टाकली. वेर्ना तिला भेटायला गेली होती. गाडी बाहेर उभी, खाट आत, आणि शार्लीन हसत हसत म्हणाली होती, "निदान ओलं तरी होत नाही इथं." वेर्नाही सत्तावन्नची, एकटी, भाड्याच्याच घरात. घरी परत येताना तिने अख्ख्या रस्त्यात रेडिओ लावला नाही.

तर कोर्टात. मोठ्या गावचं जिल्हा कोर्ट, वालगूरापासून गाडीने तासाभरावर. सत्तर-ऐंशी लोक जमवलेले, पेटीतून आकडे निघत होते, आणि वेर्नाचा आकडा बारावा निघाला. ज्यांना अडचण असेल त्यांनी पुढे यावं असं जज्जबाई म्हणाल्या, तेव्हा वेर्ना पुढे गेली.

"माझा हंगाम आहे, बाईसाहेब. ईस्टरचा. मी कालवं उघडते."

"कायम नोकरी आहे?"

"नाही. बोलावतील तेव्हा."

"मग तसं अधिकृत नुकसान दाखवता येणार नाही," जज्जबाई म्हणाल्या, आणि वर धीरही दिला. "काळजी करू नका. खटला आठ दिवसांचा आहे. ईस्टरच्या आधी आठवडाभर तुम्ही मोकळ्या व्हाल."

आणि वेर्नाने चक्क आभार मानले. पुढे कितीतरी दिवस तिला त्या आभारांचीच जास्त चीड येत होती.

ज्यांची कायम नोकरी त्यांचा पगार चालू राहतो, कोर्टाचा भत्ता त्यातून वळता होतो, प्रश्न मिटला. रोजंदारीवाल्याला नुसता भत्ता. त्यात पेट्रोल निघतं आणि दुपारी खायला एक मीट पाय, खिमा भरलेला. बाराजणांत अशी चार माणसं होती. वेर्ना, मोटेलच्या खोल्या आवरणारी लविनिया, टोंगा बेटांवरून आलेली, अंगाने भक्कम आणि आवाजाने एकदम हळू, घरोघरी पार्सलं टाकणारा ट्रेंट, आणि एक म्हातारा माळी, तो तीन आठवड्यांत चार वाक्यंही बोलला नसेल. बाकीचे आठ सकाळी कॉफीचे मोठे कप घेऊन यायचे आणि सुट्टीवर आल्यासारखे गप्पा मारायचे. त्यांनी ॲलिस्टर ग्रीव्हला प्रमुख निवडलं. तो नगरपालिकेत रस्त्यांचा इंजिनियर. कानात यंत्र, खिशात तीन पेनं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "आपल्याला घाई नाही."

आठ दिवस म्हणता म्हणता खटला लांबला. सरकारी वकील दोन दिवस आजारी पडला. आगीचा तज्ज्ञ सिडनीहून यायचा होता, त्याचं विमान धुक्याने उतरलंच नाही. एकदा तर ध्वनिमुद्रणाचं यंत्र बंद पडलं म्हणून बाराच्या बारा जणांना दुपारी बारा वाजता घरी पाठवलं. घरी जाऊन तरी वेर्नाने काय करायचं? शेड तोवर धुऊन बंद झालेली असायची.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी तिने क्लेमला त्याच्या ट्रकपाशी गाठलं.

"मी पहाटे येते," ती म्हणाली. "तीनला. साडेसातला निघते, दहाला कोर्टात."

"वेर्ना, कायदा आहे. ज्यूरीवरच्या माणसाला कामावर बोलावलं तर मला दंड बसेल."

"तू कुठं बोलावतोयस? मी आपणहून येतेय. तू फक्त दार उघडं ठेव."

क्लेमने टोपी काढून डोकं खाजवलं. "आणि गुरुवारी?"

"गुरुवारपर्यंत संपेल ते."

"नाही संपलं तर?"

"तर तू शार्लीनला केलंस तेच करशील मला. ठाऊक आहे मला."

"तसं नाही गं," क्लेम म्हणाला, पण कसं आहे ते काही त्याने सांगितलं नाही. दार मात्र दुसऱ्या दिवसापासून पहाटे तीनला उघडं राहू लागलं.

आता सत्तावन्न वर्षांच्या बाईने पहाटे तीनपासून साडेचार तास उभं राहायचं, मग तासभर गाडी चालवायची आणि मग दिवसभर गरम खोलीत बसून वकिलांची भाषणं ऐकायची. वेर्नाने सगळे उपाय केले. पेपरमिंट चघळली, काळंनिळं होईल एवढे मांडीला चिमटे काढले, बुटात पायाची बोटं आवळून धरली. तिची खुर्ची पुढच्या रांगेत अगदी टोकाला, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून. हात लांब केला असता तर साक्षीदाराच्या पाण्याच्या ग्लासला लागला असता.

खटला डेक्लन स्कली नावाच्या पोराचा होता. चोवीस वर्षांचा, सुताराच्या हाताखाली काम करायचा. होड्यांच्या क्लबची लाकडी शेड जळाली होती, आणि आत झोपलेल्या राखणदार म्हाताऱ्याचे दोन्ही हात भाजून निकामी झाले होते. महिन्यापूर्वी डेक्लनचं क्लबशी कडाक्याचं भांडण झालेलं. त्याच्या गाडीत पेट्रोलचा कॅन सापडलेला. त्याच्या हातावरचे केस जळालेले. सरकारचं म्हणणं, पेटवून पळाला. पोराचं म्हणणं, आग दिसली म्हणून विझवायला धावलो. दोन्ही खरं वाटत होतं. जो वकील बोलायला उभा राहील त्याचं वाटत होतं.

सगळं येऊन थांबलं मर्ल डेव्हेनीवर. मर्ल साठीची, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. संध्याकाळी कुत्रं फिरवायला निघाली होती, आणि डेक्लनला शेडपाशी पळताना पाहणारी ती एकटीच होती. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी ती पिंजऱ्यात आली. त्या पहाटे वेर्नाने नेहमीपेक्षा दीड पट माल उघडला होता.

सरकारी वकिलाचे प्रश्न तिने ऐकले. मग पोराचा वकील उठला, हळू बोलणारा, सभ्य माणूस. त्याच्या आवाजाला धार असती तर बरं झालं असतं.

"मिसेस डेव्हेनी, मला क्रमाने सांगा. कुत्र्याला घेऊन तुम्ही कोपऱ्यावर आलात. आधी काय दिसलं? मुलगा की आग?"

मर्लने घसा साफ केला. वेर्नाने ते ऐकलं. खिडकीतून पाठीवर ऊन येत होतं. आणि मग वेर्नाने जे ऐकलं ते होतं, "आभारी आहे. मला आणखी प्रश्न नाहीत." भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे सरकलं होतं.

तिने झटकन इकडेतिकडे पाहिलं. जज्जबाई लिहीत होत्या. ॲलिस्टर कानातलं यंत्र काढून फुंकत होता. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं. मर्ल पिंजऱ्यातून उतरून पर्स सावरत चालली होती. वेर्नाच्या मनात एक हलकटपणाचा विचार आला, की चला, कुणाला कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत सांगायला हवं होतं. कोर्टाच्या शिपायाला एवढंच म्हणायचं, की माझा डोळा लागला होता. मग काय झालं असतं? तिला काढून टाकलं असतं, किंवा सगळी ज्यूरीच मोडून खटला पहिल्यापासून. नऊ दिवस पाण्यात. आणि कोर्टात बसून झोपते ही कशाने, हे विचारल्यावर क्लेमचं पहाटेचं उघडं दार बाहेर आलं असतं, त्याला दंड, आणि मग कसली यादी आणि कसलं काय. तिने आपला मीट पाय खाऊन संपवला. सांगू नंतर, असं ती स्वतःला म्हणाली आणि नंतर सांगितलं नाही.

शेवटी दोन्ही वकिलांनी भाषणं केली, आणि गंमत अशी की दोघांनीही मर्लचेच शब्द वापरले. सरकारी वकील म्हणाला, तिने मुलाला आधी पाहिलं, उजेड मागून, म्हणजे पेटवून पळाला. दुसरा म्हणाला, तिने उजेड आधी पाहिला, मुलगा मागून, म्हणजे विझवायला धावला. जज्जबाई म्हणाल्या, "वकील काय म्हणतात ते पुरावा नाही. तुम्ही स्वतः काय ऐकलंत ते महत्त्वाचं. शंका असेल तर चिठ्ठी पाठवा, साक्षीची नोंद वाचून दाखवली जाईल." हे मंगळवारी. ईस्टरच्या आठवड्यातला मंगळवार.

बुधवारी दुपारी तीन वाजता बाराजण खोलीत अडकलेले होते. निकाल बाराही जणांचा एकच लागायचा होता. फोन काढून घेतलेले, बिस्किटं संपलेली. बाकी सगळ्या मुद्द्यांवर एकमत झालं होतं, घोडं मर्लवर अडलं होतं. सहाजण म्हणत होते मुलगा आधी. तिघं म्हणत होती आग आधी, त्यात लविनिया. म्हातारा माळी म्हणाला, दोन्ही म्हणाली असेल. वेर्ना अजून काहीच बोलली नव्हती.

"मला नीट ऐकू आलं नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो," ॲलिस्टर म्हणाला आणि कानाला हात लावला. "बॅटरी गेली होती. आपण नोंद मागवू. आपल्याला घाई नाही."

"तुला नाही," ट्रेंट म्हणाला. "तुझा रस्ता तुझी वाट बघतो. माझी पार्सलं दुसरा घेऊन जातो."

"एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, मित्रा."

"आमची काय वरात आहे का मग?"

ॲलिस्टरने शांतपणे चिठ्ठी लिहिली, दार ठोठावून शिपायाला विचारलं. शिपाई जाऊन परत आला. नोंद मागवायला हरकत नाही, पण त्या अख्ख्या दिवसाची नोंद टाइप होऊन उद्या सकाळी दहाला येईल. मग वाचन, मग चर्चा. उद्या नाही झालं तर ईस्टरनंतर. चिठ्ठी नक्की द्यायची का, तेवढं सांगा.

उद्या म्हणजे गुरुवार.

लविनिया हळूच म्हणाली, "उद्यापासून मोटेल भरतंय. अठ्ठावीस खोल्या. मालकीणबाईने सांगितलंय, उद्या नाही आलीस तर येऊच नकोस."

"तिला असं म्हणता येत नाही," ॲलिस्टर म्हणाला. "ज्यूरीवरच्या माणसाला काढलं तर गुन्हा आहे तो. तू तक्रार कर."

"काढणार नाही ती. नुसती बोलावणार नाही," लविनिया म्हणाली.

ॲलिस्टरला ते कळलंच नाही. त्याचा चेहराच सांगत होता. चांगला माणूस होता तो, बोलत होता तेही सगळं बरोबर होतं, आणि म्हणूनच वेर्नाला त्याच्या कानशिलात ठेवून द्यावीशी वाटली. याची सद्सद्विवेकबुद्धी महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होते. पगारी माणसाला खरं वागायला काय जातं. तिला शार्लीनची खाट दिसत होती आणि तिच्या शेजारची ती गाडी, बाहेर उभी.

"मी ऐकलंय," वेर्ना म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी तिच्या सगळ्यात जवळ होते. मुलगा आधी, असं म्हणाली ती. मुलगा पळताना दिसला, मग वळून पाहिलं तर उजेड."

"नक्की?" ॲलिस्टरने विचारलं. त्याच्या हातात पेन तसंच होतं.

"हाताच्या अंतरावर होती ती माझ्या. तिच्या तोंडाला येणारा चहाचा वास सांगू का तुला?"

दोघंतिघं हसले. वास खरा होता, तेवढाच खरा होता. आग आधी म्हणणाऱ्या तिघांतल्या दोघांनी खांदे उडवले. लविनिया मात्र वेर्नाकडे बराच वेळ बघत राहिली.

"मला वेगळं ऐकू आलं होतं," ती म्हणाली.

"तू मागच्या रांगेत होतीस."

"हो. मागेच होते." लविनियाने मान खाली घातली. "तू जवळ होतीस. मग मीच चुकीचं ऐकलं असेल."

चिठ्ठी ॲलिस्टरने घडी करून खिशात घातली. पावणेपाचला ते कोर्टात परत गेले, आणि ॲलिस्टरने उभं राहून सांगितलं, दोषी. डेक्लन स्कली काही ओरडला वगैरे नाही. तो पुढच्या रांगेकडे बघत राहिला, कुणीतरी हे थट्टेत म्हणालं असेल अशा तोंडाने. त्याच्या आईने मागून विचारलं, "काय म्हणाले? काय म्हणाले?" जज्जबाईंनी ज्यूरीचे आभार मानले, नागरिकांनी एवढा वेळ दिला वगैरे. शिक्षेची तारीख पडली जूनची.

गुरुवारी पहाटे अडीचला वेर्ना बाकाशी होती. दुपारी चारपर्यंत हलली नाही. रांग पुलाच्याही पलीकडे गेली. क्लेमने सगळ्यांसमोर तिच्या पाठीवर थाप मारली. "ही बाई बघा. सरकारचं काम करून माझंही केलं." यादीत तिचं नाव पहिलं लागलं. जे हवं होतं ते सगळं मिळालं तिला, अगदी मनासारखं.

शुक्रवारी ती झोपली. शनिवारी तिने घर धुऊन काढलं. रविवारी चर्चला गेली नाही, नाहीतरी कधी जायचीच नाही. खरं तर तिला एवढंच पाहिजे होतं की आपण अंदाजाने बोललो तेच बरोबर निघावं. सहाजणांनी तसंच ऐकलं होतं की. सहा म्हणजे काही कमी नाही. सोमवारी सकाळी मात्र तिला राहवेना. गाडी काढून ती मोठ्या गावच्या वृद्धाश्रमात गेली आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात डोकावली. मर्ल डेव्हेनी बटाटे सोलत होती.

मर्लने वर पाहिलं आणि लगेच ओळखलं. "पुढच्या रांगेतली," ती म्हणाली. "टोकाची."

"मला एक विचारायचं आहे."

"विचार. पण हात चालू ठेवते हं मी. साठ माणसांचं जेवण आहे."

"कोपऱ्यावर तुला आधी काय दिसलं?"

मर्लने सोलणं थांबवलं नाही. "आग. छपराच्या वर गेली होती. मी कुत्र्याला ओढून धरलं. मग तो पोरगा आला, माझ्या अंगावरूनच धावत गेला. हे सगळं सांगितलं मी. वकिलाने दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. सरकारी वकिलाला आधी मी नुसतं ‘मुलगा पळताना दिसला’ म्हटलं होतं, कारण त्याने तेवढंच विचारलं. त्यावरून तुम्ही बाराजणांनी काय काढलंत ते तुम्हालाच माहीत."

वेर्नाने दाराच्या चौकटीला हात लावला. "मी ऐकलं नाही ते."

"ठाऊक आहे मला. झोपली होतीस तू."

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्याला उकळी आली होती. मर्लने गॅस बारीक केला.

"तू पाहिलंस?"

"हाताच्या अंतरावर होतीस. हनुवटी छातीला टेकलेली. मी सांगता सांगता थांबले सुद्धा क्षणभर. वाटलं, बाईसाहेबांना सांगावं, की ही बाई झोपली आहे, हिला उठवा आणि मला पहिल्यापासून विचारा."

"मग का नाही सांगितलंस?"

"दोनची पाळी होती माझी," मर्ल म्हणाली. "बारा वाजत आले होते. सकाळची गेलीच होती कोर्टात, दुपारची धरायची होती. म्हटलं, अकरा जागे आहेत, एक झोपली तर काय होतंय."

वेर्नाला खरं तर तिच्यावर चिडायचं होतं. तेवढ्यासाठी तरी ती तासभर गाडी चालवून आली होती असं तिला आता वाटलं. पण मर्लचा हात बटाट्यावरून ज्या वेगाने फिरत होता, तो वेग तिच्या ओळखीचा होता, आणि तिला चिडता येईना.

"मी त्यांना सांगितलं, मी ऐकलंय म्हणून," ती म्हणाली. "मुलगा आधी, असं. माझ्यामुळे गेला तो."

आता मात्र मर्लची सुरी थांबली. तिने वेर्नाकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"कशापायी गं?"

"गुरुवार होता."

मर्लने हातातला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली, "अजून शिक्षा व्हायची आहे. तू जाऊन सांगितलंस तर उलटेल ते."

"आज ईस्टरची सुट्टी. उद्या उघडतं कोर्टाचं ऑफिस. उद्या जाते."

"जा. तुला सजा करतील, माहीत आहे ना?"

"करू देत."

"आणि खटला पुन्हा उभा राहिला तर मला पुन्हा बोलावतील," मर्ल म्हणाली. "येईन मी. शिव्या घालीन तुला, पण येईन. माझा नंबर घे, तुझाही दे."

वेर्ना पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसली. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. स्वतःचा इतका राग तिला जन्मात आला नव्हता, आणि त्या रागाखाली कुठेतरी हलकंही वाटत होतं, कारण ठरलं होतं. उद्या मंगळवार. नऊला दार उघडेल, ती पहिली असेल, आणि अथपासून इतिपर्यंत सगळं सांगेल. तिने नाक पुसलं, किल्ली फिरवली. तेवढ्यात फोन वाजला.

‘उद्या पहाटे चार. येतेस?’

यादीतलं पहिलं नाव, म्हणून पहिला निरोप. तिने फोन शेजारच्या सीटवर ठेवला. गाडी चालू होती. पाच मिनिटं गेली, मग दहा. ईस्टरनंतरचा पहिलाच निरोप, आणि पहिल्याच निरोपाला नाही म्हटलं तर क्लेम काय समजेल. हंगाम साधला आणि आता नखरे सुरू झाले, असंच समजेल. शिक्षा जूनमध्ये आहे. आज एप्रिल. मंगळवारी काय आणि बुधवारी काय, पोराला फरक पडत नाही, तो आत आहेच. पंचविसाव्या मिनिटाला तिने फोन उचलला आणि ‘हो’ लिहिलं.

बुधवारी जाऊ, असं ती स्वतःला म्हणाली, आणि तिला ते अगदी मनापासून म्हणायचं होतं.

मंगळवारी दुपारी बुधवारचा निरोप आला. गुरुवारचाही आला. मे महिन्यात शेडमध्ये काम कमी झालं, पण पहिल्या चौघांना होतंच. मर्लचा एकदा फोन आला, वेर्नाने उचलला नाही. नंतर मर्लनेही केला नाही.

डेक्लन स्कलीला जूनच्या अकरा तारखेला सात वर्षांची शिक्षा झाली. ती बातमी शेडमधल्या रेडिओवर लागली तेव्हा वेर्ना कामावर होती.